बी. रघुनाथ : अलकेचा प्रवासी, मुक्काम परभणी

देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला जाणाऱ्या आपल्या सभासदांना परभणी, सेलू, परतूर, जालना ही स्टेशने तोंडपाठ असतील. सेलू आणि परतूर यांच्या दरम्यान सातोना नावाचे एक लहानसे स्टेशन आहे. त्याच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या या सातोना गावी १५ ऑगस्ट १९१३ रोजी भगवान रघुनाथ कुळकर्णी यांचा जन्म झाला. मराठी वाचक त्यांना बी. रघुनाथ या नावाने ओळखतो. कवी, कथाकार, कादंबरीकार, लघुनिबंधकार. आयुष्य मिळाले अवघे चाळीस वर्षांचे, आणि त्यातला नोकरीचा सगळा काळ गेला निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात कारकुनी करण्यात. त्यांचे शालेय शिक्षण आपल्या हैदराबादेत झाले, ही गोष्ट मात्र आपल्यातल्या जुन्या मंडळींनाच ठाऊक असेल. नव्या पिढीला ती सांगायला हवी असे वाटले, म्हणून हा लेख.

आधी नावाचा एक घोळ मिटवून टाकू. ‘चाफा’ ही कविता लिहिणारे कवी ‘बी’ म्हणजे नारायण मुरलीधर गुप्ते. ते वऱ्हाडातले, १८७२ साली जन्मलेले, आणि बी. रघुनाथ हे वेगळे. साहित्याच्या गप्पांत आम्ही ही गल्लत अनेकदा ऐकली आहे. दोघेही कवी, दोघेही सरकारी कारकून, त्यामुळे गल्लत होणे स्वाभाविक आहे. आमच्या कवीचा ‘बी’ म्हणजे भगवानमधला भ, आणि रघुनाथ हे वडिलांचे नाव. आडनाव गाळून आद्याक्षर पुढे लावायची ही पद्धत पुण्या-मुंबईकडे विचित्र वाटली असेल, पण हैदराबादेत राहिलेल्या माणसाला तिच्यात काहीच नवल वाटणार नाही. आपल्या शेजारपाजारच्या तेलुगू घरांत माणसाची ओळख अशीच आद्याक्षरांनी होत असते.

हैदराबाद आणि मनमाड यांना जोडणारा गोदावरी खोऱ्याचा रेल्वेमार्ग विसाव्या शतकाच्या अगदी उंबरठ्यावर सुरू झाला. मराठवाड्यातल्या मराठी मुलांच्या दृष्टीने या रुळांना दोन टोके होती. मनमाडकडे गेले की इंग्रजांचा मुलूख, तिथून पुढे नाशिक, मुंबई, पुणे. दुसऱ्या टोकाला काचीगुडा, म्हणजे राजधानी. शिकायचे असेल, सरकारी नोकरी हवी असेल, तर गाडी काचीगुड्याची धरावी लागे. भगवान कुळकर्णी याच वाटेने हैदराबादेत आले आणि विवेकवर्धिनी शाळेत दाखल झाले.

विवेकवर्धिनीविषयी आपल्या वाचकांना नव्याने काय सांगायचे? केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्या माणसांनी उभी केलेली ही संस्था. आपल्यापैकी कित्येकांच्या घरातल्या तीन-तीन पिढ्या तिथे शिकल्या आहेत. मात्र बी. रघुनाथांच्या वेळचे जामबाग आणि कोठी डोळ्यांसमोर आणले पाहिजे. आज आपण ज्याला सुलतान बाजार म्हणतो तो तेव्हा रेसिडेन्सी बाजार होता, आणि तिथला कारभार इंग्रज रेसिडेंटच्या हाती होता. १९३३ साली तो भाग निजामाकडे परत आला आणि सुलतान बाजार झाला. म्हणजे शाळेतून निघून थोडे चालले की मुलगा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पोचायचा. एका बाजूला सभा भरवायची तर सरकारी परवानगी लागे, दुसऱ्या बाजूला मोकळीक थोडी जास्त. कोठी परिसरातल्या आपल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची सुरुवातही त्याच काळातली. दरबारची भाषा उर्दू, उस्मानिया विद्यापीठातले शिक्षण उर्दूतून, आणि निजाम कॉलेज मद्रास विद्यापीठाला जोडलेले, तिथे इंग्रजी. मराठी ही घरातली, देवळातली आणि या अशा चार-दोन संस्थांची भाषा. अशा ठिकाणी वाढणाऱ्या मुलाला मराठी पुस्तकाची किंमत जरा जास्तच कळते.

१९३१ साली मराठी साहित्य संमेलन हैदराबादेत भरले. अध्यक्ष होते ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकून आलेले, जगभरचे ज्ञान मराठीत आणण्यासाठी ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्ध करणारे केतकर आपल्या गावात आले, तेव्हा बी. रघुनाथ सतरा-अठरा वर्षांचे होते आणि याच शहरात मॅट्रिकच्या तयारीत होते. निजामाच्या राजधानीत, उर्दूच्या त्या अमदानीत, मराठी लेखकांचा एवढा मोठा मेळा भरणे याचे महत्त्व आज मोजता येणार नाही. पुढच्या वर्षी, १९३२ मध्ये, ते मॅट्रिक झाले आणि त्यांचे शिक्षण तिथेच थांबले. घरची परिस्थिती कॉलेज परवडण्यासारखी नव्हती. त्यांनी बांधकाम खात्यात कारकुनाची नोकरी धरली आणि ते परभणीला गेले.

या खात्याला निजामी दफ्तरात तामीरात म्हणत. रस्ते, पूल, तलाव, सरकारी इमारती, डाकबंगले ही सारी त्यांची कामे. कारकुनाच्या टेबलावर काय येत असेल हे आम्हाला चांगले कल्पता येते, कारण आयुष्यभर आम्हीही कागदच हलवले. अंदाजपत्रके, ठेकेदारांची बिले, मजुरांचे हजेरीपट, मोजमापाच्या वह्या, वरच्या साहेबाने विचारलेले खुलासे. फाइलीला मिसल म्हणायचे, कारकुनाला अहलकार. गंमत पाहा, दुसऱ्यांना प्रवास करता यावा म्हणून जे खाते रस्ते आणि पूल बांधते, त्या खात्यात हा माणूस एका जागी बसून बेरजा करीत होता.

आता परभणी ते पुणे हे अंतर नकाशावर किती आहे ते सोडा. त्या काळी ते किती होते ते आम्ही सांगतो. निजामाच्या राज्यात पगार मिळे तो हाली शिक्क्यात. इंग्रजी मुलखातला रुपया म्हणजे कलदार. सात हाली रुपये द्यावेत तेव्हा सहा कलदार हाती यावेत, असा साधारण भाव. म्हणजे पुण्याच्या पुस्तकावर छापलेली किंमत परभणीच्या कारकुनाला सहाव्या हिश्शाने महाग. (आमच्यासारख्या बँकेतल्या माणसाचे लक्ष आधी तिथेच जाणार!) निजामाची स्वतःची टपाल तिकिटे होती. सरहद्दीवर करोडगिरीचे नाके होते. आणि दफ्तरात तारीख लिहायची ती इसवी सनाची नव्हे, फसली सनाची. बाहेर १९४४ चालू असेल तर मिसलीवर फसली १३५३ लागायचे. महिनेही आजूर, दै, बहमन असे. मराठी भाषा एकच, पण शिक्का वेगळा, तिकीट वेगळे, पंचांग वेगळे. ‘केसरी’, किर्लोस्कर मासिके, फडके-खांडेकरांच्या कादंबऱ्या हे सगळे जिथून येई तो मुलूख मराठवाड्यातल्या लेखकाला जवळजवळ परदेशच होता. माणसे सातासमुद्रापलीकडची स्वप्ने पाहतात. परभणीच्या तरुण लेखकाला मनमाडपलीकडचे जग पुरेसे दूर होते.

अशा माणसाने १९४५ साली आपल्या लघुनिबंधांचा संग्रह काढला आणि त्याला नाव दिले ‘अलकेचा प्रवासी’.

आम्हाला या नावापाशी थोडे थांबायचे आहे, कारण आमच्या मते बी. रघुनाथ समजून घ्यायची किल्ली इथे आहे. अलका म्हणजे कालिदासाच्या ‘मेघदूता’तली कैलासावरची नगरी, कुबेराची राजधानी. कथा सगळ्यांना माहीत आहे, तरी मुलांसाठी थोडक्यात सांगतो. कुबेराच्या पदरी असलेल्या एका यक्षाच्या हातून कामात कसूर झाली. धन्याने त्याला शाप दिला की वर्षभर घरापासून दूर राहा. बँकेच्या भाषेत सांगायचे तर शिक्षेची बदली, कुटुंब बरोबर न्यायची मुभा नाही, मुदत एक वर्ष. यक्ष येऊन राहिला रामगिरीवर. महामहोपाध्याय मिराशींसारखे विद्वान रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक असे मानतात. म्हणजे यक्षाच्या बदलीचे ठिकाण आपल्या महाराष्ट्रातच पडते! आठ महिने सरले, चार राहिले. आषाढ लागला, डोंगराच्या माथ्यावर ढग टेकला, आणि यक्षाने त्यालाच निरोप्या करून अलकेतल्या पत्नीकडे पाठवायचे ठरवले.

आता लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की या काव्यात यक्ष स्वतः एक पाऊलही चालत नाही. तो डोंगरावर बसून राहतो. पण काव्याचा पहिला अर्धा भाग, ज्याला पूर्वमेघ म्हणतात, तो सगळाच्या सगळा प्रवास आहे. ढगाने कसे जायचे, कुठे विसावा घ्यायचा, कोणत्या नदीचे पाणी प्यायचे, हे यक्ष बसल्या जागेवरून सांगतो. आधी माळावरची नुकती नांगरलेली शेते आणि ढगाकडे आशेने पाहणाऱ्या खेड्यातल्या बायका, मग आम्रकूट पर्वत, विंध्याच्या पायथ्याशी खडकांतून फुटलेली नर्मदा, विदिशा, आणि मग वाट वाकडी करून उज्जयिनी, कारण तिथले महाकाळाचे मंदिर पाहिल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. पुढे गंभीरा नदी, देवगिरी (आपल्या एक्स्प्रेसच्या नावाचा हा डोंगर नव्हे, तो माळव्याकडचा), चंबळ, दशपूर, कुरुक्षेत्र, कनखल, हिमालयातली क्रौंच खिंड, आणि शेवटी कैलास, मानस सरोवर, अलका. एखाद्या अनुभवी स्टेशनमास्तराने वेळापत्रक सांगावे तसा हा सगळा मार्ग येतो, फरक एवढाच की प्रत्येक स्टेशनावर फुले, पक्षी, मातीचा वास आणि माणसांचे चेहरे आहेत.

मराठी माणसाला या काव्याचे वेड जुने आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांनी ते मराठीत आणले, नंतर कुसुमाग्रजांनी आणले, शांताबाई शेळक्यांनी आणले. गव्हर्नरसाहेबांचे नाव घेताना आमची छाती दोन इंच फुगते हे कबूल. सांगायचे ते असे की दिवसभर आकड्यांत असलेल्या माणसाला मेघाच्या वाटेने जावेसे वाटते यात काही विपरीत नाही. उलट त्यालाच ते जास्त वाटत असावे.

बी. रघुनाथांनी स्वतःला यक्ष म्हटले नाही, ढगही म्हटले नाही. त्यांनी प्रवासी हा शब्द घेतला. आम्ही त्याचा अर्थ असा लावतो की ज्याला अलकेला पोचण्याची खात्री नाही, पण ज्याने वाट धरली आहे, असा माणूस. परभणीच्या कचेरीतून अलकेला जायला रजा लागत नाही आणि भाडेही लागत नाही. कंदील आणि पुस्तक पुरते. या वाटेवर निघालेला माणूस आळशी असतो असा आपल्याकडे समज आहे. मूल खिडकीबाहेर बघत बसले की आपण त्याला हाक मारून जागे करतो, पुस्तकात डोके घालून बसले तर अभ्यासाचे आहे का म्हणून विचारतो. बी. रघुनाथांचा हिशोब मांडून पाहिला तर हा समज टिकत नाही.

हिशोब असा. पहिली कादंबरी ‘ओ’ आली १९३६ साली, वय तेवीस. १९४० मध्ये ‘साकी’ हा कथासंग्रह, १९४१ मध्ये ‘आलाप आणि विलाप’ हा कवितासंग्रह. मग महायुद्धाची, कागदटंचाईची, महागाईची वर्षे, आणि याच वर्षांत त्यांची लेखणी सर्वांत वेगाने चालली. १९४३ ‘हिरवे गुलाब’, १९४४ ‘बाबू दडके’, १९४५ ‘उत्पात’, त्याच वर्षी ‘अलकेचा प्रवासी’, १९४६ ‘म्हणे लढाई संपली’. चार वर्षांत चार कादंबऱ्या आणि एक निबंधसंग्रह. पुढे १९४८ ‘फकिराची कांबळी’, १९४९ ‘जगाला कळले पाहिजे’, १९५१ ‘छागल’. मृत्यूनंतर आलेली पुस्तके धरली तर सात कादंबऱ्या, पाच कथासंग्रह, दोन कवितासंग्रह आणि एक निबंधसंग्रह, एकूण पंधरा. हे सगळे पूर्ण वेळची सरकारी नोकरी सांभाळून. दिवास्वप्ने पाहणाऱ्या या माणसाने एवढे काम उपसले आहे.

जगात इतरत्रही अशी उदाहरणे आहेत. प्रागचा फ्रान्झ काफ्का १९०८ ते १९२२ कामगारांच्या अपघात विम्याच्या कचेरीत होता. त्याने अमेरिकेवर कादंबरी लिहायला घेतली, आणि अमेरिका त्याने कधी पाहिली नव्हती. इंग्रजीतला मोठा कवी टी. एस. एलियट लंडनच्या लॉइड्स बँकेत आठ वर्षे होता. बँकवाल्यांनी हेही नोंदवून ठेवावे.

त्यांच्या पुस्तकांच्या नावांकडे पुन्हा एकदा पाहा. एकीकडे कालिदासाची अलका, तर दुसरीकडे ‘साकी’ आणि ‘फकिराची कांबळी’. ‘साकी’ हा शब्द फारसी काव्यातून उर्दूत आणि उर्दूतून आपल्याकडे आलेला. छागल म्हणजे प्रवासात बरोबर घ्यायची, पाणी गार ठेवणारी पिशवी. उर्दूत पायातल्या पैंजणालाही छागल म्हणतात. आमच्या लहानपणी उन्हाळ्यात गाडीच्या खिडकीला लटकणाऱ्या छागली पुष्कळ दिसत, आता कुणाला शब्दही माहीत नाही. पुण्याच्या लेखकाला संस्कृत आणि इंग्रजी या दोन खिडक्या होत्या. हैदराबाद संस्थानातल्या मराठी लेखकाला तिसरी खिडकी मिळाली, ती उर्दू-फारसीची, आणि तिच्यातून शिराझ आणि इस्फहान दिसत. दफ्तरात उर्दू सक्तीची होती हे खरे, तिचा जाचही होता. पण सक्तीने आलेल्या भाषेतून गोड तेवढे काढून घ्यायचे हे बी. रघुनाथांना साधले. आपण हैदराबादी मराठी माणसे घरात बोलताना जी भाषा बोलतो, जिला ऐकून पुण्याचे पाहुणे हसतात, तिच्याविषयी कमीपणा वाटायचे कारण नाही. तिच्यातून चांगले मराठी वाङ्मय झालेले आहे.

आणखी एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. अलकेची स्वप्ने पाहणारा हा लेखक कादंबरी लिहायला बसला की अलकेत जात नाही. तो मराठवाड्यातच राहतो. बाबू दडके हे नाव ऐका, आडगाव हे गाव ऐका. निजामी अमलातला मराठवाडा, तिथली लहान गावे, देशमुखी-पाटीलकीची घरे, मध्यम स्थितीतली माणसे, त्यांची ओढाताण, हाच त्यांच्या कथा-कादंबऱ्यांचा मुलूख. तेव्हा मराठी कादंबरी बहुतांशी पुणे, मुंबई आणि कोकण यांच्यात फिरत होती. नायक मोटारीतून उतरायचा, नायिका टेनिस खेळायची. परभणीकडच्या माणसाला या कादंबऱ्यांत आपले घर कधी दिसायचे नाही. बी. रघुनाथांनी ते आणले.

दूरची स्वप्ने आणि जवळचे लेखन यांत विरोध आहे असे कुणी म्हणेल. आम्हाला तसे वाटत नाही. मेघदूतातला यक्ष दूरच्या घराची वाट सांगताना वाटेतल्या प्रत्येक ओढ्याकडे बारकाईने पाहतो, कारण त्याला ढग खरोखर पोचवायचा आहे. दूरचे काही मनात असले की जवळच्या वस्तूही नव्या दिसू लागतात. पावसाकडे डोळे लावून बसलेल्या कालिदासाच्या त्या खेडवळ बायका परभणीच्या आसपास रोज दिसत होत्या. आकाशाकडे पाहणे हे मराठवाड्यात कवींचे काम नाही, शेतकऱ्याचे आहे. त्यांच्या शेवटच्या कवितासंग्रहाच्या नावात नभ आहे आणि एका कथासंग्रहाचे नाव नुसतेच ‘आकाश’, हा आम्हाला योगायोग वाटत नाही.

१५ ऑगस्ट १९४७ हा त्यांचा चौतिसावा वाढदिवस. देश स्वतंत्र झाला, मनमाडला तिरंगा चढला, आणि त्याच रुळांवरच्या परभणीत तो चढवणे गुन्हा होता. पुढचे तेरा महिने मराठवाड्याने काय सोसले ते आपल्या वडीलधाऱ्यांनी आपल्याला सांगितलेले आहे. रझाकारांची दहशत, सरहद्दीवरचे कॅम्प, ओस पडलेली गावे. सरकारी नोकरांची स्थिती फार अवघड होती. पगार ज्या सरकारचा, त्याच्याविरुद्ध गाव उठलेले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात आले. पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, बी. रघुनाथांची कादंबरी आली. तिचे नाव ‘जगाला कळले पाहिजे’. इतकी वर्षे अलकेचा ध्यास घेतलेल्या लेखकाला आता उलट दिशेने काही पाठवायचे होते, आपल्या मुलखाचा निरोप बाहेरच्या जगाकडे. अमुक वर्षी हेच नाव का, हे मराठवाड्याच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

राज्य बदलले तरी कचेरी तीच राहिली. फसली सन गेला, इसवी आला. उर्दू मिसली हळूहळू मागे पडल्या. कारकुनाचे टेबल मात्र हलले नाही. लेखक म्हणून नाव झाले होते, पण लेखणीवर घर चालेल एवढे मराठीत तेव्हा कुणाचेच होत नसे, मराठवाड्यात तर नाहीच. दिवसा खाते आणि रात्री लेखन असा हा दुहेरी पगार शरीराकडून वसूल होत असतो. ७ सप्टेंबर १९५३ रोजी परभणीच्या कचेरीत काम करीत असतानाच त्यांची हृदयक्रिया बंद पडली. चाळिसावा वाढदिवस होऊन तेवीस दिवस झाले होते.

आम्ही नोकरीत असताना सहकाऱ्यांपैकी किती जण चोरून कविता लिहीत, किती जण नाटकात कामे करीत, किती जणांच्या खणात अर्धवट कथा पडलेल्या असत, ते आम्ही पाहिले आहे. बढतीची परीक्षा आली, मुलांच्या फिया आल्या, की खण बंद व्हायचा तो निवृत्तीपर्यंत. निवृत्तीनंतर उघडला तर आतले कागद पिवळे आणि हात थंड. बी. रघुनाथांनी खण बंद केला नाही, आणि त्याची किंमतही मोजली. त्यांनी थोडे कमी लिहिले असते तर जास्त जगले असते का, हा प्रश्न आमच्या मनात अनेकदा येतो. त्याचे उत्तर देण्याचा अधिकार त्यांच्या घरच्यांना होता, आपल्याला नाही.

कागदांचा गठ्ठा मागे राहिला होता. ‘आडगावचे चौधरी’ ही कादंबरी १९५४ मध्ये प्रसिद्ध झाली. १९५५ मध्ये ‘पुन्हा नभाच्या लाल कडा’ हा कवितासंग्रह आणि ‘आकाश’ हा कथासंग्रह आला. त्यांच्या कवितेची खरी उंची वाचकांना या मृत्यूनंतरच्या संग्रहाने दाखवली, असे आमचे मत आहे. परभणीने त्यांना विसरू दिले नाही. तिथे त्यांच्या नावाचे सभागृह आहे, महाविद्यालय आहे. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, त्यांच्या स्मृतिदिनी त्यांच्या नावाने वाङ्मय पुरस्कार दिला जातो. हैदराबादेत मात्र त्यांची आठवण काढायची तर आधी पुस्तके हाती यायला हवीत. सभासदांपैकी कुणाच्या घरी माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत, त्यांची जुनी आवृत्ती पडलेली असेल तर ती रद्दीत देऊ नये. वाळवी लागलेली असली तरी चालेल. मंडळाच्या कपाटात तिला जागा आहे, आणि १५ ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर चहाच्या आधी मुलांकडून तिच्यातली दोन पाने वाचून घेता येतील.

शेवटचा कथासंग्रह ‘काळी राधा’ प्रसिद्ध झाला तो १९५६ साली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले आणि परभणी मुंबई राज्यात गेली. विवेकवर्धिनी, काचीगुडा आणि आपण इकडे राहिलो.